लवंगेचे बेट आणि दगडी शहर

लवंग ही वस्तू मराठी घरात इतकी मुरलेली आहे की ती परदेशातून आलेली आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गोविंदविडा टोचावयाचा तर लवंग हवी, मसालेभात करावयाचा तर लवंग हवी, आणि दाढ ठणकू लागली तर दाढेखाली धरावयास पुन्हा लवंगच. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत तिचे गुण सांगितलेले आहेत, संस्कृत काव्यांत तिचा सुगंध दरवळतो. तथापि लवंगेचे झाड मूळचे ना सह्याद्रीचे, ना मलबारचे. ते दूर पूर्वेकडील मोलुक्का बेटांचे. आणि गंमत अशी की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे शंभर वर्षे मुंबईच्या बंदरात उतरणारी लवंग बहुतांशी पूर्वेकडून येत नव्हती. ती येत होती पश्चिमेकडून, आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत असलेल्या झांजिबार बेटांवरून.

आज या बेटांवर जगभरचे प्रवासी जातात. तेथे गेलेल्या प्रत्येकाच्या कार्यक्रमात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक दिवस मसाल्याच्या बागांचा, आणि एक दिवस जुन्या शहराचा. पहिल्या दिवशी निसर्ग पाहावयाचा, दुसऱ्या दिवशी इतिहास, अशी ही वाटणी आहे. परंतु ही वाटणी फसवी आहे. बागेत जे झाड दिसते तेच शहरातल्या वाड्याच्या पायात आहे, आणि वाड्याच्या तिजोरीत जे होते तेच बागेत झाड होऊन उभे आहे. दोन्ही मिळून एकच हिशेब होतो. त्या हिशेबात आपल्या पश्चिम किनाऱ्याचे, मुंबईचे, गोव्याचे, एवढेच नव्हे तर गोदातीरीच्या नाशिकचेही नाव आहे. तो हिशेब नीट वाचावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम भूगोल ध्यानी घ्यावा. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सहा अंशांवर, आफ्रिकेच्या मुख्य भूमीपासून थोड्याच अंतरावर ही बेटे आहेत. त्यांपैकी मोठी दोन, उंगुजा आणि पेंबा. उंगुजालाच जग सामान्यतः झांजिबार म्हणते. ते सुमारे ८५ किलोमीटर लांब आहे. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणारा वारा कच्छ, कोकण, ओमान येथील गलबतांना अलगद तेथवर नेऊन पोहोचवी, आणि पुढे वारा फिरला की नैर्ऋत्येकडून येणारा वारा त्यांना परत घरी आणी. तेथील लोक या दोन वाऱ्यांना 'कास्काझी' आणि 'कुसी' म्हणतात. आपण ज्याला मोसमी वारा म्हणतो तोच हा. म्हणजे आपल्या शेतीला पाऊस देणाऱ्या वाऱ्यानेच या बेटाला व्यापार दिला. स्वाहिली भाषेत गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी', विम्याला 'बिमा' म्हणतात, आणि चपातीला चपातीच म्हणतात. ही देवघेव किती जुनी आणि किती घरगुती होती हे यावरून दिसून येते.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस या समुद्रात पोर्तुगीज आले. हिंदुस्थानातून परत जाताना १४९९ मध्ये वास्को द गामा झांजिबारजवळून गेला. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे पूर्व आफ्रिकेच्या या किनाऱ्यावर पोर्तुगालची जी काही सत्ता होती, तिचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. गोमंतकाच्या इतिहासात या गोष्टीचा उल्लेख क्वचितच होतो. मोंबासाचा राजपुत्र युसुफ बिन हसन याला लहानपणी गोव्यास आणून आगुस्तिन पंथाच्या धर्मगुरूंनी वाढविले, ख्रिस्ती केले, दोम जेरोनिमो हे नाव दिले आणि मोठेपणी गादीवर बसवून परत पाठविले. त्याच युसुफने १६३१ मध्ये मोंबासाचा किल्ला काबीज करून तेथील पोर्तुगीजांची कत्तल केली. पुढे १६९८ मध्ये ओमानच्या अरबांनी मोंबासा घेतले आणि या भागातील पोर्तुगीज अंमल संपुष्टात आला. झांजिबारच्या समुद्रकाठी आज जो जुना किल्ला उभा आहे, तो अरबांनी पोर्तुगीजांच्या प्रार्थनामंदिराच्या जागी बांधला.

तरीही या काळापर्यंत झांजिबार हे लवंगेचे बेट नव्हते. लवंग तेथे आली ती पुष्कळ उशिरा आणि चोरवाटेने. मोलुक्का बेटांतील लवंगेचा मक्ता डचांनी आपल्या हाती ठेवला होता. भाव पडू नये म्हणून नेमून दिलेल्या बेटांबाहेरची लवंगेची झाडे ते तोडून टाकीत. फ्रेंचांचा एक अधिकारी प्येर प्वाव्र याने १७७० च्या सुमारास तेथून रोपे पळवून मॉरिशसला आणविली. तेथून ती शेजारच्या रेयुन्यों बेटावर गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सालेह बिन हरामिल नावाच्या एका ओमानी अरबाने ती झांजिबारात आणून लावली. माती मानवली, पाऊस मानवला, झाडे तरारली.

याच सुमारास ओमानच्या गादीवर सय्यद सईद होता. व्यापाराची जाण असलेला असा राज्यकर्ता त्या काळी त्या समुद्रात दुसरा नव्हता. सालेहच्या बागा त्याने जप्त केल्या, स्वतःच्या वाढविल्या आणि जमीनदारांना हुकूम सोडला, असे सांगतात, की प्रत्येक माडामागे तीन लवंगेची झाडे लावलीच पाहिजेत. १८४० च्या सुमारास तर त्याने आपली राजधानीच वाळवंटी मस्कतहून या हिरव्या बेटावर हलविली. १८५६ मध्ये तो मरण पावला तेव्हा झांजिबार आणि पेंबा ही जगातील सर्वांत मोठी लवंग पिकविणारी बेटे झाली होती. एका पिढीच्या आत हे घडले.

आता बागेत शिरू. शहराच्या ईशान्येस किझिंबानी, किंडिची अशी गावे आहेत. मसाल्याच्या सहली बहुधा याच भागात नेतात. किझिंबानीस सईदचा स्वतःचा मळा होता, आणि किंडिचीस त्याने आपल्या इराणी राणीसाठी बांधलेले स्नानगृह आजही पाहावयास मिळते. गोमंतकातील वाचकाला ही बाग मुळीच परकी वाटणार नाही. आपल्या फोंड्याकडच्या कुळागरात जसे माड, पोफळी, मिरवेल, जायफळ, दालचिनी एकमेकांच्या सावलीत दाटीवाटीने नांदतात, तसेच हे दृश्य आहे. वाटाड्या एक पान चुरगळून हातावर ठेवतो आणि वास ओळखावयास सांगतो. गवती चहा, हळद, आले, वेलची. कोणी पोरगा सरसर माडावर चढतो, शहाळी उतरवितो, माडाच्या झावळीची टोपी विणून पाहुण्याच्या डोक्यावर ठेवतो. सारे हसतखेळत चाललेले असते.

या बागेतील बहुतेक वनस्पती झांजिबारच्या मूळ रहिवासी नाहीत, ही गोष्ट जिज्ञासू प्रवाशाने मनात धरावी. मिरी आणि वेलची आपल्या पश्चिम घाटातील, दालचिनी सिंहलातील, जायफळ मोलुक्कांतील, व्हॅनिला मेक्सिकोतील. यांतील प्रत्येक झाड कोणीतरी, केव्हातरी, कोणत्या तरी नफ्याच्या हिशेबाने येथे आणले आहे. जे झाडांविषयी खरे, ते माणसांविषयीही खरे आहे. परंतु त्या गोष्टीकडे येण्यापूर्वी लवंगेचे झाड जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण तिची सारी कथा तिच्या तोडणीत आहे.

लवंग हे फळ नव्हे, बी नव्हे. ती न उमललेली कळी आहे. झाड लावल्यापासून कळी धरावयास सहा-सात वर्षे जावी लागतात, आणि एकदा धरू लागले की ते माणसाच्या दोन पिढ्या पाहते. कळ्या झुबक्यांनी येतात. प्रथम त्या हिरव्या असतात, मग त्यांवर गुलाबी छटा चढते. त्या छटेची वेळ म्हणजेच तोडणीची वेळ. त्याआधी तोडल्या तर सुवास उतरत नाही, त्यानंतर चार दिवस गेले तर कळी उमलून फूल होते आणि तिचे मोल जाते. सगळे झुबके एकाच वेळी तयार होत नाहीत, म्हणून एकाच झाडावर पुन्हा पुन्हा चढावे लागते. झाड उंच, फांद्या ठिसूळ. तोडलेले झुबके खाली आणून कळ्या देठांपासून हाताने वेगळ्या करावयाच्या, चटयांवर पसरून काही दिवस कडक उन्हात वाळवावयाच्या, पाऊस आला की धावत जाऊन गोळा करावयाच्या. वाळल्यावर वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि रंग आपल्या ओळखीचा तपकिरी काळा होतो.

म्हणजे या पिकाला वर्षभर थोडी माणसे पुरतात. पण हंगामात, त्या थोड्या दिवसांत, एकदम पुष्कळ हात लागतात. हजारो झाडे लावणाऱ्या जमीनदारापुढे हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याने तो त्या काळच्या सर्वांत क्रूर मार्गाने सोडविला. आफ्रिकेच्या अंतर्भागातून, न्यासा सरोवराच्या परिसरातून, माणसे पकडून, साखळदंडांत जखडून, किनाऱ्यापर्यंत चालवीत आणली जात. पुष्कळशी वाटेतच मरत. उरलेली गलबतांत कोंबून झांजिबारच्या बाजारात आणली जात. त्यांतील काही अरबस्तानात, इराणात विकली जात, आणि काही याच लवंगेच्या झाडांखाली आयुष्य कंठीत. आज बागेत ज्या सावलीत प्रवासी विसावतो, तिची पहिली लागवड या लोकांच्या हातची आहे. सईदची कन्या सलमा हिने पुढे जर्मनीत राहून १८८६ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत राजवाड्यातील बालपण मोठ्या मायेने रंगविले आहे. मात्र त्या सुखाच्या मुळाशी असलेल्या गुलामगिरीचा तिने कैवारच घेतला आहे. सुगंधाची सवय झाली की माणसाला दुसरा वास येईनासा होतो, याचे हे उदाहरण आहे.

माणसे अरबांनी राबविली, हे म्हणून आपण हात झटकून मोकळे होऊ शकत नाही. मळा उभारावयास, काफिला धाडावयास भांडवल लागते. ते भांडवल बव्हंशी हिंदी होते. कच्छ आणि गुजरातेतून आलेले भाटिये, खोजे, बोहरी हे झांजिबारचे सावकार होते, आणि त्यांची नाळ मुंबईच्या पेढ्यांशी जुळलेली होती. जयराम शिवजी या भाटिया पेढीने सुलतानाकडून जकातीचा मक्ता घेतला आणि अधूनमधूनचा काळ वगळता कित्येक दशके तो आपल्याकडे राखला. बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर जकात होती, आणि गुलाम ही त्या काळी एक वस्तूच होती. मुंबईहून कापड जाई. तिकडून हस्तिदंत, खोबरे आणि लवंग येई. अरब जमीनदार लवंगेच्या पुढच्या पिकावर कर्ज काढी, आणि भाव पडला की मळा सावकाराकडे गहाण पडे. स्वतः हिंदी व्यापाऱ्यांच्या घरीही गुलाम होते. १८६० मध्ये ब्रिटिश वकील कर्नल रिग्बी याने ब्रिटिश प्रजाजन या नात्याने हिंदी लोकांना आपले गुलाम मुक्त करावयास भाग पाडले, तेव्हा अशा हजारो माणसांची सुटका झाली. हा आकडाच पुरेसा बोलका आहे.

बाग पाहून झाल्यावर शहरात यावे, ते ही गोष्ट मनात ठेवून. जुन्या शहराला स्टोन टाउन, म्हणजे दगडी शहर म्हणतात. हा दगड म्हणजे समुद्रातल्या पोवळ्याचा खडक. तो चुन्यात बसवून जाड भिंती उभारल्या आहेत, आणि छपराला खारफुटीच्या झाडांचे वासे घातले आहेत. वाशाची लांबी बेताची, म्हणून दालनांची रुंदीही बेताची. खोल्या लांबट आणि अरुंद. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की दुपारीही जमिनीवर ऊन पोहोचत नाही. मधूनच एखादी लाकडी कातीव सज्जाची ओळ दिसते आणि आपण सुरतेत किंवा जुन्या अहमदाबादेत तर नाही ना, असा भास होतो. तो अगदीच भास नव्हे. ते सज्जे आणि पुष्कळसे दरवाजे हिंदी धनिकांनीच करवून घेतले.

या दरवाजांसाठी झांजिबारची ख्याती आहे. घर बांधताना प्रथम दरवाजा उभा करीत, असे म्हणतात. अरबी घराच्या चौकटीवर कमळे, वेलबुट्टी, साखळीची नक्षी आणि वर कुराणातील वचन कोरलेले असते. हिंदी घराच्या दाराला चौकोनी तावदाने आणि पितळेचे टोकदार खिळे असतात. हे खिळे आपल्याकडे गडांच्या व वाड्यांच्या दारांवर हत्तीची धडक थोपविण्यासाठी ठोकीत. झांजिबारात दारावर धडक देणारा हत्ती कधीच नव्हता. तेथे हत्ती आला तो फक्त दातांच्या रूपाने, मजुराच्या खांद्यावरून. तरीही खिळे ठोकले गेले, कारण ते प्रतिष्ठेचे लक्षण झाले होते.

समुद्रकाठी 'बेत अल अजाइब', म्हणजे आश्चर्यगृह, ही भव्य वास्तू सुलतान बरगश याने १८८३ मध्ये बांधली. या बरगशचे मुंबईशी नाते आहे. भाऊ माजिद याच्याविरुद्ध बंड केल्याबद्दल १८५९ मध्ये इंग्रजांनी त्याला पकडून मुंबईस पाठविले आणि तेथे त्याने सुमारे दोन वर्षे काढली. आगगाडी नुकतीच सुरू झालेली, गिरण्यांची धुराडी उठू लागलेली, अशी ती वाढती मुंबई त्याने पाहिली. १८७० मध्ये गादीवर आल्यावर त्याने वाडे बांधले, दूरच्या झऱ्याचे पाणी नळाने शहरात आणून लोकांना फुकट दिले, स्वतःची जहाजे मुंबईच्या मार्गावर सोडली. हद्दपारीत पाहिलेले शहर त्याच्या मनातून गेले नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही. दगडी शहराची नोंद युनेस्कोने २००० साली जागतिक वारशात केली. परंतु पोवळ्याचा दगड आणि चुना हे नित्य निगा मागतात. २५ डिसेंबर २०२० रोजी दुरुस्ती चालू असतानाच आश्चर्यगृहाचा एक मोठा भाग कोसळला.

याच गल्ल्यांतून गोमंतकीयांचाही वावर होता. पोर्तुगीज प्रजाजन म्हणून आलेले हे लोक शिंपी, बल्लव, पाववाले, कारकून, वादक आणि छायाचित्रकार होते. राजवाड्यासमोर सुलतानाचा जो बँड वाजे त्यात गोमंतकीय वादक असत. ए. सी. गोमिश यांच्या छायाचित्रगृहातून निघालेली चित्रे हा आज त्या काळच्या झांजिबारचा एक महत्त्वाचा पुरावा आहे. संत योसेफाच्या नावाचे, दोन मनोऱ्यांचे जे कॅथलिक देवालय एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात उभे राहिले, त्याच्या उपासकवर्गात गोमंतकीयांचा मोठा भरणा होता. त्यांच्या हाती मळे नव्हते, जकातही नव्हती. पण लवंगेच्या पैशावर चालणाऱ्या शहरात त्यांची भाकरीही त्याच पैशातून येत होती.

शहराच्या दुसऱ्या अंगाला आणखी एक ख्रिस्तमंदिर आहे. जेथे गुलामांचा बाजार भरे त्या जागेवर ते बांधलेले आहे. १८७३ च्या आरंभी इंग्लंडच्या राणीचा प्रतिनिधी म्हणून सर बार्टल फ्रिअर झांजिबारास आला. हाच फ्रिअर १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता; मुंबईच्या कोटाच्या भिंती त्याच्याच कारकीर्दीत पाडल्या गेल्या. गुलामांचा व्यापार बंद करावा ही मागणी बरगशने प्रथम फेटाळली. आदल्याच वर्षी, एप्रिल १८७२ मध्ये, प्रचंड वादळाने उंगुजावरील लवंगेची बहुतेक झाडे उन्मळून टाकली होती. अशा वेळी मजूरही गेले तर राज्य बुडेल ही त्याची भीती होती. शेवटी बंदराची नाकेबंदी करण्याची धमकी मिळाल्यावर ५ जून १८७३ रोजी त्याने तहावर सही केली आणि बाजार बंद झाला. वादळातून वाचलेली पेंबा पुढे लवंगेची मुख्य भूमी ठरली. गुलाम बाळगणे मात्र बेकायदा ठरले ते १८९७ मध्ये, म्हणजे इंग्रजांनी तेथे आपले संरक्षित राज्य स्थापिल्यानंतर सात वर्षांनी. व्यापार थांबविण्याची निकड ज्यांना वाटली, त्यांनाही मळे चालू राहावेत याची काळजी होतीच.

बिशप स्टीअर याने उभारलेल्या या मंदिराची वेदी गुलामांना फटके मारण्याच्या खांबाच्या जागी आहे, असे सांगतात. बाहेर खड्ड्यात साखळीने बांधलेल्या मानवी आकृतींचे, १९९८ मध्ये घडविलेले शिल्प आहे. जवळच एका इमारतीखालची तळघरे दाखवून येथेच गुलामांना कोंडीत, असे वाटाडे सांगतात. ती इमारत मिशनने बाजार बंद झाल्यावर बांधलेली असल्याने अभ्यासकांनी या सांगण्याविषयी शंका घेतली आहे. ही शंका ध्यानी ठेवावी, पण तिने खरे दुःख लहान होत नाही. उलट, तळघर दाखवून सारी क्रूरता एका अंधाऱ्या खोलीत बंद करता येते, आणि उजेडातल्या बागेकडे मग कोणी बोट दाखवीत नाही, हाच त्यातला धोका आहे.

या मंदिरात एक लाकडी क्रूस आहे. मध्य आफ्रिकेत ज्या झाडाखाली डेव्हिड लिव्हिंगस्टनचे हृदय पुरले, त्या झाडाच्या लाकडाचा तो केलेला आहे. आणि येथेच नाशिकचा धागा येतो. अरबी समुद्रात इंग्रज गस्ती जहाजांनी गुलामांची गलबते पकडली की सुटलेल्या माणसांना पुष्कळदा मुंबईस आणीत. त्यांतील मुलांना नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात ठेवून शिक्षण व कसब देत. लिव्हिंगस्टनने आपल्या शेवटच्या प्रवासासाठी १८६५ मध्ये या आश्रमातून काही तरुण निवडले आणि मुंबईहून त्यांना घेऊन १८६६ च्या आरंभी तो झांजिबारास उतरला. मुंबईत शिकलेला चुमा त्याच्याबरोबर होता. पुढे नाशिकचाच जेकब वेनराइट त्याला जाऊन मिळाला. मे १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा वेनराइटने त्या झाडावर त्याचे नाव कोरले, आणि या मंडळींनी त्याचा देह शेकडो कोस वाहून किनाऱ्यास आणला. पुढे शरणपूरची बरीच मंडळी मोंबासाजवळ फ्रिअरच्या नावाने वसविलेल्या वसाहतीत परत गेली. ज्या समुद्रमार्गाने लवंग मुंबईस आली, त्याच मार्गाने ही लेकरेही आली आणि गेली. नाशिकच्या इतिहासात या मुलांसाठी दोन ओळी तरी असाव्यात.

लवंगेचा हिशेब गुलामगिरी संपल्याने मिटला नाही. जमीनदार कर्जात होता, सावकार हिंदी होता, आणि राज्य इंग्रजांचे होते. १९३४ मध्ये झांजिबार सरकारने कायदे करून अरब व आफ्रिकी लोकांची जमीन हिंदी लोकांकडे जाण्यास आळा घातला आणि लवंग-उत्पादकांचा एक संघ स्थापिला. १९३७ मध्ये निर्यातीचा मक्ता त्या संघाकडे दिला. हिंदी व्यापाऱ्यांवर हा उघड घाव होता. हिंदुस्थान सरकारने पाठविलेल्या के. पी. एस. मेनन यांनी या कायद्यांवर टीकेचा अहवाल दिला. काँग्रेसने झांजिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला, मुंबईच्या लवंग-व्यापाऱ्यांनी तो पाळला, आणि १९३८ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली. परदेशातील आपल्या बांधवांवरील अन्यायाविरुद्ध देश एकवटला, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु त्या चळवळीच्या गदारोळात एक प्रश्न बाजूस राहिला. झाडावर चढून कळी तोडणारा जो आफ्रिकी मजूर, त्याच्या पदरात या तडजोडीने काय पडले? सरकार जमीनदाराच्या बाजूने बोलत होते, आपण व्यापाऱ्याच्या बाजूने. त्याच्या बाजूने बोलणारे कोणीच नव्हते.

तो प्रश्न मिटला नाही. तो साचत राहिला. डिसेंबर १९६३ मध्ये झांजिबार स्वतंत्र झाले आणि महिन्याभरातच, १२ जानेवारी १९६४ रोजी, क्रांती झाली. सुलतान पळाला. हजारो अरबांची हत्या झाली, हिंदी लोकांची दुकाने लुटली गेली, पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेली कुटुंबे मिळेल त्या जहाजाने निघाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टांगानिकाशी एकीकरण होऊन टांझानियाचा जन्म झाला. मळे सरकारजमा झाले आणि तीन-तीन एकरांच्या तुकड्यांनी शेतकऱ्यांना वाटले गेले. त्या हत्याकांडाचे समर्थन कोणीही करू नये. मात्र ते आकाशातून पडले, असेही कोणी म्हणू नये.

क्रांतीनंतर लवंगेचा मोठा गिऱ्हाईक इंडोनेशिया होता. तेथे तंबाखूत लवंग घालून विड्या ओढतात. पुढे इंडोनेशियाने स्वतःची लागवड वाढविली, १९८० च्या दशकात भाव कोसळले, आणि जी लवंग मूळची तिकडची ती तिकडेच परत गेली असे झाले. झांजिबारच्या पोटापाण्याचा भार हळूहळू प्रवाशांवर आला. पूर्वी बागेतून लवंग विकली जाई. आता बागेचा फेरफटका विकला जातो. त्यात वावगे काही नाही. आपल्या फोंड्यातही कुळागरे पाहावयास लोक येतात आणि त्यामुळे ती टिकून आहेत. वाटाड्या हसतमुखाने जे दाखवितो ते खोटे नसते. परंतु पाहुण्याला जे पाहावेसे वाटते तेवढेच तो दाखवितो. उरलेले विचारण्याची जबाबदारी पाहुण्याची आहे.

विशेषतः आपल्याकडून जाणाऱ्या पाहुण्याची. युरोपातील प्रवासी त्या बेटावर परका असतो. आपण तसे परके नाही. तेथील दारांवरचे खिळे आपल्या ओळखीचे आहेत, गारी आणि चपाती हे शब्द आपले आहेत, आणि दोन्ही पारड्यांत आपली माणसे आहेत. जकातीचा मक्ता घेणारे आपल्या किनाऱ्याचे, आणि सुटका झालेल्या पोरांना अक्षर शिकविणारे गावही आपल्याच मुलखातले. पूर्वजांच्या साहसाचा वारसा सांगावयाचा असेल तर त्यांच्या खतावणीतील नावेची आणि जमेची अशी दोन्ही पाने उघडली पाहिजेत. बागेत जाऊन कळी हुंगावी, जुन्या शहरात जाऊन दार न्याहाळावे. आणि कळी कोणी तोडली, दार कोणत्या पैशाचे, हे दोन्ही ठिकाणी विचारावे. असे विचारल्याने लवंगेचा सुवास उणा होत नाही. तो कोणाच्या कष्टांतून आला एवढे मात्र कळते.